तुम्ही विचारलंत म्हणून: सॅनिटायझर कुठलं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, आणि एकदाच नीट लिहितेय. घरी बिअर करणारे आणि करू बघणारे मला एकच विचारतात: टाकीतले जंतू मारायचं औषध, म्हणजे सॅनिटायझर, कुठलं? मेलबर्नहून आत्तेभाऊ विचारतो, सिएटलहून मैत्रिणीचा नवरा विचारतो, डब्लिनला गेलेल्या शेजारच्या पोरानं तर टाकी घ्यायच्या आधीच विचारलं: "ताई, कोनिकल घेतोय, सॅनिटायझर कुठलं वापरू?" आधी त्या कोनिकलचा, म्हणजे बिअर आंबवायच्या, खाली कोनासारख्या निमुळत्या, झळझळीत स्टीलच्या टाकीचा फोटो येतो आणि त्याखाली हा प्रश्न. धुवायला काय वापरू, असं आजवर एकानंही विचारलेलं नाही. टाकी सुटी करून धुवायची का, हा प्रश्न तर कुणाच्या मनातही येत नाही.

माझं उत्तर ठरलेलं आहे: कुठलंही. स्टार सॅन घ्या, परअॅसिटिक अॅसिड घ्या, आयोडिनवालं घ्या. सांगितलेल्या प्रमाणात आणि सांगितलेला वेळ ठेवलं तर तिन्ही काम करतात. यावर समोरच्याला वाटतं मी टाळतेय, किंवा धंद्यातली गोष्ट लपवतेय. मी काहीही लपवत नाही. ही औषधं स्वच्छ स्टीलवर काम करतात, मळावर नाही, आणि तुम्ही सगळे मळाबद्दल न विचारता थेट औषधाचं नाव मागता. माझी चिडचिड होते ती त्यामुळे.

इंदुरातूनच विचारणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. आपल्याकडे १९१५ चा आबकारी कायदा आहे, आणि परवान्याशिवाय बिअर गाळणं हा गुन्हा आहे, घरी प्यायला केली तरी. मी परवाना असलेल्या मायक्रोब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या छोट्या कारखान्यात, नोकरी करते, त्यामुळे विजयनगरच्या फ्लॅटमधल्या टाकीबद्दल मला विचारू नका. हे लिहितेय ते जिथे घरी करायला मुभा आहे तिथल्या लोकांसाठी. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं ती मुभा मिळाली, एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे पावणेचारशे लिटरच्या आसपास.

दुसरा एक प्रश्न घरातून येतो. मावशी लग्नकार्यात भेटली की विचारते, "मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलंस आणि टाक्या धुतेस?" हो, धुते. माझ्या दिवसातला मोठा भाग धुण्यात जातो. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, शिजवायला काही तास लागतात, पुढचं काम यीस्ट करतं, आणि माझ्याकडे उरतं ते यीस्टसाठी जागा तयार ठेवणं. मी आधी डेअरीच्या लॅबमध्ये होते, तिथेही हेच होतं, फक्त तिथे कुणी नाक मुरडत नसे. २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर मिरवणाऱ्या शहरात धुण्याला एवढं कमी का लेखतात, हे मला खरंच कळलेलं नाही.

आता तो प्रसंग सांगते, कारण तो सांगितल्याशिवाय माझा हट्ट कळणार नाही.

पावसाळ्याचे दिवस होते. एका टाकीतल्या गव्हाच्या बिअरला लोण्याचा वास यायला लागला, अगदी हलका. मी तो सांगितला तेव्हा सेठ म्हणाले, यीस्ट जरा आळशी झालं असेल, दोन दिवस थांबा. हे खोटं नव्हतं. लोण्याचा वास देणारं डायअॅसिटाइल यीस्टच तयार करतं आणि वेळ दिला तर यीस्टच ते परत खातं. आम्ही थांबलो. वास गेला नाही, उलट मागून आंबटपणा आला. गव्हाच्या बिअरला थोडा आंबटपणा चालतो म्हणून तीही विकली गेली. पुढची खेप त्याच टाकीत, तीच गत. त्या पुढची तर नळाला लावण्यासारखीही नव्हती, सगळी गटारात सोडली. टाकी रिकामी होत असताना तिथे उभं राहणं काय असतं ते मी लिहून सांगू शकत नाही. माल्ट, पाणी, गॅस, आठवडे, सगळं त्या जाळीतून जात होतं आणि वास इतका चांगला होता की बाहेरच्या माणसाला कळलंही नसतं काय बिघडलंय.

मग औषधं बदलणं सुरू झालं. परअॅसिटिक होतं, त्याचा कॅन बदलला. प्रमाण वाढवलं. दुसऱ्या कंपनीचं आणलं. पुरवठादार येऊन तासभर बोलून गेला. त्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी तुमचाच प्रश्न होता, सॅनिटायझर कुठलं. मी स्लाइड बनवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, तर गोल गोल जंतू, चार-चारच्या चौकडीत. पेडिओकॉकस. बिअर बिघडवणाऱ्यांमधला जुना गडी. लोणीही देतो, आंबटही करतो, आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) किंवा पाच टक्के अल्कोहोल यांना बधत नाही. ("अल्कोहोल असतं ना, मग जंतू मरतातच," हे म्हणणाऱ्यांनी इथे थांबून परत वाचा. माणसाला आजारी पाडणारे जंतू बिअरमध्ये सहसा टिकत नाहीत, बिअर नासवणारे मात्र छान जगतात.)

कोण आहे ते कळलं होतं, राहतो कुठे ते कळत नव्हतं. टाकी आतून आरशासारखी. स्वॅब घेतला, साफ. धुताना टाकीत आतून फवारा मारणारा स्प्रे बॉल व्यवस्थित फिरत होता.

आमच्याकडे धुण्याच्या कामाला एक पोरगा होता, नंदानगरचा, जेमतेम विशीतला. सेठनी ठरवलं की चूक त्याची, सॅनिटायझर मारायचं त्यानं टाळलं असणार. मी म्हणाले, पुरावा काय? नोंदवहीत प्रत्येक खेपेची वेळ आहे, माझी सही आहे. सेठ म्हणाले, सही काय, कुणीही करतं. त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको सांगितलं. जाताना तो मला म्हणाला, "दीदी, वो नीचे का वॉल्व खोल के देखो. घुमाता हूँ तो चिपचिपा लगता है."

खालचा व्हॉल्व्ह म्हणजे कोनाच्या टोकाचा, यीस्टचा साका काढायचा. टाकी बनवणाऱ्यानं तिथे बॉल व्हॉल्व्ह बसवला होता. मी त्याच संध्याकाळी पाने घेऊन बसले. तीन तुकड्यांचा व्हॉल्व्ह, चार बोल्ट. मधला गोळा बाहेर काढला तर वरून चकचकीत. पण त्याच्या मागे, पांढऱ्या टेफ्लॉनच्या बैठकीच्या आणि बॉडीच्या मधल्या खाचेत, तूप कढवल्यावर तळाला बेरी राहते तसा पिवळसर तपकिरी थर होता. नखानं उचलला तर सलग पापुद्रा निघाला. वास दह्याचा आणि कुजलेल्या जवाचा. त्यातलाच एक कण स्लाइडवर घेतला: त्याच चौकड्या, दाटीवाटीनं.

बॉल व्हॉल्व्ह उघडा असला की कॉस्टिक, म्हणजे आम्ही टाकी धुतो ते कॉस्टिक सोड्याचं पाणी, गोळ्याच्या भोकातून सरळ निघून जातं. गोळ्याच्या बाहेरच्या पोकळीत ते पोचतच नाही. व्हॉल्व्ह फिरवताना मात्र त्या पोकळीत थोडी बिअर, थोडं यीस्ट अडकतं, आणि पुढच्या वेळी फिरवलं की तिथलं काहीतरी टाकीच्या वाटेवर येतं. वर टाकीत तुम्ही जगातलं सगळ्यात महाग औषध मारा, खाली ही वसाहत शाबूत. शिवाय असा थर साठला की त्यातले जंतू स्वतःभोवती चिकट आवरण करतात. औषध वरच्या पापुद्र्यावर खर्ची पडतं, आतल्यांना ते झालेलं कळतही नाही.

मी सेठना तो पापुद्रा काचेवर ठेवून दाखवला. त्यांनी मान हलवली, बास. व्हॉल्व्ह बदलले. त्या पोराला मी फोन केला, तुझं बरोबर होतं म्हणाले. तो एका नमकीनच्या कारखान्यात लागला होता. "अच्छा, मिल गया ना?" एवढंच म्हणाला. तो परत आला नाही आणि त्यानं यावं असं म्हणायला मला तोंड नव्हतं, कारण बोलावणारी मी कोण, नोकरी देणारे दुसरेच.

तेव्हापासून कुणी "सॅनिटायझर कुठलं" विचारलं की मला तो व्हॉल्व्ह दिसतो. माझा सूर चढतो तो यामुळे. तुमच्यावर राग नसतो.

आता तुमच्या तीस लिटरच्या टाकीबद्दल. बिअर काढली की लगेच साध्या पाण्यानं विसळा, वाळू देऊ नका. सुरुवातच कढत पाण्यानं करू नका, प्रथिनं स्टीलला धरून बसतात. मग सगळे क्लॅम्प सोडा, गॅस्केट काढा, व्हॉल्व्ह सुटे करा, नमुन्याची तोटी, तापमापकाची नळी, बिअर काढायची वाकडी नळी, सगळं एका बादलीत. पीबीडब्ल्यू (ब्रुअरीची भांडी धुवायची पावडर) किंवा परकार्बोनेटवालं कुठलंही अल्कलीचं क्लीनर, ६० अंशांच्या आसपासच्या पाण्यात, अर्धा तास. टाकीत ते भरून ठेवा किंवा छोटा पंप आणि स्प्रे बॉल लावून फिरवा. पंप लावलात तर झाकणाच्या खालची बाजू आणि तोंडांच्या आडोशाच्या जागा हातानं तपासा, फवारा तिथे पोचत नाही. बिअरच्या पातळीच्या वर जे तपकिरी कडं राहतं, हॉप्सची राळ आणि वाळलेला फेस, ते सगळ्यात चिवट. मऊ फडकं वापरा. तारेच्या घासणीनं स्टीलवर ओरखडे पडतात आणि पुढचा मळ तिथेच घर करतो. प्लास्टिकची पारदर्शक टाकी असेल तर गरम पाणी नकोच, ती वाकते. कोमट पाण्यात जास्त वेळ ठेवा.

ब्लीच नको. त्यातल्या क्लोराइडनं स्टीलला बारीक खड्डे पडतात, आणि चुकून राहिलं तर बिअरला दवाखान्याचा वास येतो.

बोट फिरवल्यावर बारीक सँडपेपरसारखं खरखरीत लागलं आणि पांढुरकं दिसलं तर तो बिअरस्टोन, कॅल्शियम ऑक्झलेट. तो अल्कलीनं जात नाही, फॉस्फोरिक किंवा नायट्रिकवालं आम्लाचं क्लीनर लागतं, अधूनमधून. इंदुरात लोक याचा दोष बोअरच्या पाण्यातल्या क्षारांना देतात. खरं तर ऑक्झलेट माल्टमधून येतं, आणि माल्ट शिजवतानाच पाण्यात पुरेसं कॅल्शियम असेल तर बरंचसं तिथेच तळाला बसतं, टाकीपर्यंत येत नाही.

धुऊन झाल्यावर पाणी ओता आणि टॉर्च तिरपी धरून बघा. स्वच्छ स्टीलवरून पाणी सलग पडद्यासारखं उतरतं. कुठे फाटलं, थेंब थेंब होऊन थांबलं, तर तिथे ओशट आहे, परत धुवा. मग जोडा, आणि बिअर भरायच्या अगदी आधी सॅनिटायझर. स्टार सॅन असेल तर लिटरला साधारण दीड मिली, एक-दोन मिनिटं, प्रत्येक व्हॉल्व्ह उघडून त्यातून जाऊ द्या. फेसाला घाबरू नका, विसळूही नका. झालं. तुम्ही विचारता तो भाग या चार ओळींचा.

एक गोष्ट मात्र धमकी समजून वाचा. मोठ्या ब्रुअरीचे व्हिडिओ बघून घरी कॉस्टिक सोडा आणू नका. डोळ्यात एक थेंब पुरतो. आणि टाकीत कार्बन डायऑक्साइड असताना कॉस्टिक घालून झाकण बंद केलंत तर कॉस्टिक तो वायू शोषून घेतं, आत पोकळी होते, आणि बाहेरच्या हवेच्या दाबानं टाकी चेपते. कोऱ्या करकरीत टाक्या अशा दुमडलेल्या आहेत.

हे सगळं लिहिताना मला माझंच जुनं म्हणणं आठवतंय. डेअरीतून आलेली मी याच आत्तेभावाला छातीठोकपणे सांगितलं होतं: उघडू नकोस, सगळं बंद ठेवूनच क्लीनर आतून फिरव, प्रत्येक उघडलेला सांधा हा धोका आहे. तेव्हाची मी मूर्ख नव्हते. हजार लिटरच्या टाक्यांच्या रांगेत रोज प्रत्येक व्हॉल्व्ह सुटा करणं शक्य नसतं, आणि घाईत परत बसवलेलं गॅस्केट तिरकं बसलं तर तिथून गळतंही आणि आत घाणही जाते. त्या बाईशी मी आज वाद घातला तर ती मला विचारेल, तुझ्याकडे एकच टाकी खराब निघाली, बाकीच्या न उघडताच चालल्या ना? चालल्या. आत्तेभाऊ अजून माझा पहिलाच सल्ला पाळतो आणि त्याची बिअर चांगली होते, असं तो दर वेळी ऐकवतो. मी त्याला एवढंच म्हणते, तुझी टाकी छोटी आहे, तुला उघडायला अर्धा तास लागतो, मग उघडत का नाहीस? तो म्हणतो, तूच सांगितलं होतंस. यावर माझ्याकडे खरंच उत्तर नाही. दर खेपेला उघडावं की तीन-चार खेपांनी, हेही मी ठामपणे सांगू शकत नाही. मी स्वतः दर खेपेला उघडते. त्यात शास्त्र किती आणि तो पापुद्रा किती, हे मला वेगळं करता येत नाही.

परवा त्याचा मेसेज आला, "बॉल व्हॉल्व्ह काढून बटरफ्लाय लावू का?" लाव. त्यात गोळ्याऐवजी फिरणारी चकती असते, पोकळी नाही, धुवायला सोपा. पण त्याच्याही रबराच्या कडेला आणि दांडीपाशी साचतं, तेव्हा पहिल्या दोन खेपांनंतर तोही सोडून बघ आणि मला आतला फोटो पाठव. टाकीचा नको.