मॉड्यूल पाठवता का, असे तुम्ही विचारलेत म्हणून

महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तरी हा फोन येतो. बोलणारी व्यक्ती बहुधा एखाद्या संस्थेत नव्याने रुजू झालेली असते आणि तिच्या आवाजात घाई असते. "ताई, द्राक्षबागेतल्या मजुरांसाठी तुम्ही सुरक्षिततेचं प्रशिक्षण घेता ना, त्याचं मॉड्यूल पाठवता का? आम्ही आमच्याकडे तसंच राबवतो." मी पाठवते. सोळा पानांचे आहे, त्यात लपवण्यासारखे काही नाही. मात्र "तसंच राबवतो" हे शब्द ऐकले की मला जे सांगावेसे वाटते ते फोनवर कधीच पुरते सांगून होत नाही, म्हणून ते एकदा लिहून ठेवते आहे.

पहिले मॉड्यूल मी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या घरी, टेबलाशी बसून चार दिवसांत लिहिले होते. एका संस्थेकडे निधी आलेला होता, तो वेळेत खर्च करायचा होता, म्हणून तारीख ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातली ठरली. तीन दिवस, तीस प्रशिक्षणार्थी, दिंडोरी तालुक्यातल्या एका गावाचे समाजमंदिर, भिंतीवर पडदा आणि त्यावर हातमोजे, चष्मा, मास्क यांची चित्रे. हजेरीपत्रकावर अठ्ठावीस सह्या झाल्या, तेव्हा मला समाधान वाटले. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी सहज विचारले, की तुमच्यापैकी पेस्ट कोण कोण लावते? एकही हात वर झाला नाही. आलेले सगळे बागायतदार, त्यांची मुले आणि सरपंचांच्या शब्दाखातर बसलेली चार माणसे होती. पेस्ट लावणारी माणसे त्या क्षणी समाजमंदिराच्या खिडकीतून दिसत होती. समोरच्याच बागेत, मांडवाखाली, हात वर करून ती एकेका काडीला पेस्ट लावत होती.

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. नाशिककडे द्राक्षाच्या वर्षातून दोन छाटण्या होतात: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, जिला इकडे गोडी छाटणी म्हणतात. फळछाटणीनंतर काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावतात. त्यालाच बोलीत पेस्ट लावणे म्हणतात. हे काम हातानेच होते आणि छाटणीच्या पाठोपाठ उरकावे लागते. ते करणाऱ्या टोळ्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतून येतात; काही जण सकाळी गिरणारे गावच्या मजूर नाक्यावर उभे राहून रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, ठरवतात, तर काही बागेतल्याच खोलीत महिना महिना राहतात. म्हणजे ज्यांच्यासाठी मी तीन दिवस आखले होते, त्यांना वर्षातला जो आठवडा अजिबात मोकळा नसतो, तोच मी निवडला होता. अहवालात मात्र "उत्स्फूर्त प्रतिसाद" असेच छापले गेले. तो अहवाल मीच लिहिला होता.

त्यानंतर मी गरज शोधायला निघाले, आणि तिथेही चुकले. सुरगाण्याच्या एका पाड्यावर बायकांना विचारले, "तुम्हाला कसलं प्रशिक्षण हवं?" उत्तर आले, शिलाई मशीन. पुढच्या पाड्यावरही शिलाई मशीन. त्या बायकांना शिवणाची आवड नव्हती, असे माझे म्हणणे नाही. परंतु वही घेऊन येणारे लोक आजवर काय देऊन गेले ते त्यांना पाठ होते, आणि माझ्या वहीत जे मावेल तेच त्यांनी मागितले. आता मी गरज विचारत नाही. "काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंत?" एवढे विचारते आणि मग वर्षाकडे वळते. पडवीत जमिनीवर बारा चौकोन आखायचे, दुसऱ्याच्या कामाला जाण्याचे दिवस खड्यांनी आणि घरच्या शेतीचे दिवस नागलीच्या दाण्यांनी दाखवायचे, इतका साधा तो खेळ आहे. आषाढात दाण्यांचा ढीग पडतो, कारण तेव्हा भाताची आणि नागलीची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, असते. दिवाळीच्या आगेमागे खडेच खडे. दोन्ही विरळ असलेली जागा एकच निघाली: आवणी संपल्यापासून पोळ्यापर्यंतचे दिवस. आमचे प्रशिक्षण तेव्हापासून त्या दिवसांत पाड्यावर होते आणि हंगामात बागेवर संध्याकाळी फक्त उजळणी होते. तीही पुरुषांची वेगळ्या वेळी आणि बायकांची वेगळ्या वेळी, कारण पुरुष मोकळे होतात तेव्हा बायका चुलीपुढे असतात. गिरणाऱ्याच्या नाक्यावर सकाळची पंधरा मिनिटे वापरण्याची युक्तीही मी करून पाहिली होती. ती साफ फसली. रोज ठरेपर्यंत तिथे कोणाचा जीव थाऱ्यावर नसतो.

आता मजकुराबद्दल. माझ्या पहिल्या मॉड्यूलमध्ये सगळीकडे "औषध" हा शब्द होता: औषध फवारताना, औषध लावताना, औषध मिसळताना. शेतकरी तसेच बोलतात, म्हणून लोकांच्या भाषेत लिहिल्याचा मला थोडा अभिमानही होता. पाड्यावरच्या एका मावशींनी तो उतरवला. त्या म्हणाल्या, "औषधच आहे ना ताई, मग त्यानं माणसाला काय होणार? झाडाला बरं करतं ते." त्यांचा तर्क बिनतोड होता. दवाखान्यातले औषध आणि ड्रममधले औषध यांना आपण एकच नाव दिले आहे, आणि पहिल्यावरचा विश्वास अलगद दुसऱ्याकडे गेला आहे. त्यामुळे आता पहिला अर्धा तास या एका शब्दावर जातो. कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या बायका आपसांत त्याला काय म्हणतात ते विचारून घेते आणि पुढे तोच शब्द धरते. कोणी "जहर" म्हणाले तर आणखी बरे.

मॉड्यूलमध्ये दुसरे एक वाक्य होते: "काम करताना मद्यपान टाळावे." हे वाक्य वाचून दाखवले की पुरुष खाली बघतात, बायका एकमेकींकडे बघतात आणि सगळ्यांना दारूबंदीचे भाषण सुरू झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात मुद्दा नीतीचा नाहीच. हायड्रोजन सायनामाइड कातडीला भाजते हे लावणाऱ्यांना अनुभवाने ठाऊक असते. पण ते शरीरात गेलेले असताना दारू प्यायली तर दारूचे पचन मध्येच अडते, तोंड लालबुंद होते, छाती धडधडते, डोके ठणकते, मळमळते आणि श्वास लागतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. काम सुरू करण्याआधी घेतलेलीही बाधते आणि काम संपल्यावर घेतलेलीही. हे कारण मी पहिल्यांदा नीट उलगडून सांगितले तेव्हा मागे बसलेला एक गडी म्हणाला, "म्हणजे मागच्या साली मला झालं ते बाहेरचं नव्हतं?" त्याच्यावरून उतारा टाकला गेला होता, कोंबडे दिले गेले होते. त्यानंतर तासभर कोणी उठले नाही.

परंतु कळणे आणि वळणे यांच्या मधोमध मुकादम उभा असतो, हे मला बायकांनी दाखवून दिले. पेस्टच्या दिवशी मुकादम संध्याकाळीच खर्ची, म्हणजे हातखर्चाचे पैसे, वाटतो, कारण काम अंगावर येणारे असते आणि माणसे टिकवायची असतात. हातात पैसा पडला की पुढचे ठरलेलेच. म्हणून पुढच्या खेपेला आम्ही मुकादमांसाठी एक वेगळी बैठक घेतली. त्यात विषय एकच होता: खर्ची पेस्ट संपल्यानंतर, बाजाराच्या दिवशी द्यावी. तिघांपैकी दोघांनी ते मान्य केले. तिसऱ्याने "माझी माणसं पळतील" असे सांगितले, आणि त्याचेही खोटे नव्हते. माझ्या मते त्या वर्षीच्या सगळ्या सत्रांत ती बैठक सर्वांत उपयोगी ठरली, आणि अहवालाच्या कोणत्याही रकान्यात ती बसली नाही, कारण मुकादम "लाभार्थी" नव्हते.

कीटकनाशकाच्या बाटलीवरच्या रंगांचा धडा त्या मानाने सोपा वाटला होता. लेबलवर टोकावर उभा केलेला चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागातला रंग विषाची तीव्रता सांगतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. अक्षरओळख नसलेल्यांसाठी हे उत्तम, असे समजून मी रिकाम्या बाटल्या मधोमध मांडल्या. एका मुलीने हिरव्या खुणेची बाटली उचलून बाजूला ठेवली आणि सांगितले, "ही चालते, हिच्यात पाणी भरता येईल." सिग्नलचा हिरवा, झाडाचा हिरवा, या सगळ्यांनी तिला हिरव्याचा अर्थ आधीच शिकवलेला होता. तेव्हापासून मी हिरव्यापासूनच सुरुवात करते आणि हेही विषच आहे, हे आधी पक्के करून मग लालकडे जाते.

याबाबतीत मी काही नवे शोधून काढले आहे, असे कृपया समजू नका. कृषी विभागाच्या शेतीशाळा तुम्हाला माहीत असतील. ती कल्पना १९८९ मध्ये इंडोनेशियातल्या भातशेतीत आकाराला आली, आणि पीक उभे असताना, पिकातच बसून, हंगामभर ठरावीक दिवसांनी भेटत शिकायचे, हे तिचे सूत्र. त्याच वर्षी आपल्या नाशिकमध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले, ज्याच्या एका अभ्यास केंद्रावर मी काही वर्षे रविवारी शिकवत असे. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतली, रात्रपाळी करून आलेली मुले पहिल्या बाकावर झोपत आणि तरीही परीक्षेला बसत. वेळापत्रक शिकणाऱ्याच्या पाळीप्रमाणे हलले पाहिजे, हे मी तिथेच शिकले होते. ऑक्टोबरची ती तारीख स्वीकारताना ते मला का आठवले नाही, याचे उत्तर माझ्याकडे नाही. शेतीशाळेची एक अडचण मात्र द्राक्षपट्ट्यात हमखास जाणवते: तिथे पीक ज्याच्या मालकीचे आहे तो बसतो, आणि त्या पिकाला हात लावणारा बसत नाही.

पैशाबद्दलही तुम्ही विचारता. दिवसाचे प्रशिक्षण म्हणजे बुडालेला रोज, आणि चहा, नाश्ता, प्रमाणपत्र यांनी तो भरून निघत नाही. निधी देणाऱ्यांना मी आता आधीच सांगते की एक तर बुडालेल्या रोजाची भरपाई अंदाजपत्रकात धरा, नाहीतर मला संध्याकाळचे दीड-दीड तास सहा वेळा द्या आणि "तीन दिवसीय निवासी" हे शब्द खोडा. तीस जणांच्या बॅचचा आग्रहही मी धरू देत नाही. टोळी अकरा जणांची असेल तर बॅच अकराची असते.

शेवटी सोळाव्या पानाबद्दल. मॉड्यूल बरेच दिवस पंधरा पानांचेच होते. एका बागेवरच्या तिसऱ्या संध्याकाळी दाराशी एक सून तान्हे मूल मांडीवर घेऊन बसली होती. ती बागेत जात नसे, म्हणून मी तिला यादीत धरलेही नव्हते. सगळे उठायला लागले तेव्हा तिने विचारले, "ह्या सगळ्यांचे कपडे मीच धुते, बाळाचे लंगोटही त्यातच. मग मला ते लागतं का?" पंधरा पानांत त्यावर एक ओळ नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही हौदाशीच जमलो. दोन घमेली घेतली, फवारणीच्या आणि पेस्टच्या कपड्यांसाठी एक, बाकीच्यांसाठी दुसरे; आधी बाळाचे कपडे धुऊन वाळत घालायचे, मग कामाचे; धुतल्यावर हात साबणाने स्वच्छ करायचे, आणि कामाच्या कपड्यांचे पाणी पिण्याच्या हौदाकडे वाहणार नाही असे लांब ओतायचे. घमेल्याला खूण म्हणून तिने कडेला लाल चिंधी बांधली. तुम्हाला पाठवलेल्या प्रतीत हे पान आहे, मात्र त्यात हौद धरलेला आहे आणि तुमच्याकडे कदाचित ओढा किंवा नळ असेल. तेवढे तिथे जाऊन पाहून घ्या, आणि कपडे कोण धुते तेही विचारा.