आतून निळा

परवा दुपारी जेवून जरा आडवी झाले होते, तेवढ्यात खालून वॉचमनकाकांची आरोळी आली, "जनावर! जनावर!" भर दुपारी साडेतीनला साप म्हणायला खरं तर काही हरकत नव्हती. पण काका आमच्याच मुलखातले, त्यांची जीभ तशी वळायचीच नाही. मनू खाली खेळत होती, म्हणून मी चपला न घालताच जिना उतरले.

कढीपत्त्याच्या झाडाभोवती माणसांचं अर्धवर्तुळ झालेलं. सगळे दहा पावलं लांब आणि सगळ्यांचे मोबाईल वर. त्या वर्तुळाच्या पुढे, एकटी, आमची साडेचार वर्षांची भाची उकिडवी बसलेली. हात गुडघ्यांवर, तोंड उघडं. मी तिला बखोटीला धरून मागे ओढली. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"मावशी, तो आतून निळाय."

कुंडीच्या आड करंगळीएवढी जाड नानेटी होती. पावसाळ्यात हिरवळीत दिसते तीच. मातकट अंग आणि पाठीवरून शेपटीपर्यंत गेलेले दोन पिवळे पट्टे. निळं काही नव्हतं. मी म्हटलं, "पिवळा म्हण." ती म्हणाली, "आतून."

फोन केल्यावर वीस मिनिटांत एक सर्पमित्र आला. कॉलेजातलाच पोरगा, गाडीच्या हँडलला कापडी पिशवी अडकवलेली. "बिनविषारी आहे हो, बेडूक खाते," असं म्हणत त्याने तिला सहज उचललं. मनूने त्यालाही तेच सांगितलं. तो हसला, म्हणाला, "बरोबर बघितलंस." नानेटी घाबरली की मान फुगवते, मग खवले एकमेकांपासून सुटतात आणि मधली निळसर कातडी दिसते. त्याने आम्हाला दाखवलीसुद्धा. शेरवानीची बाही दुमडल्यावर अस्तर दिसावं, तेवढीच. माझं अर्धं आयुष्य नानेट्या बघण्यात गेलं. म्हणजे दहा पावलांवरून.

मुलं साप बघतात ते जवळून बघतात, हे एक झालं. दुसरं म्हणजे त्यांना अजून आपण काही शिकवलेलं नसतं. २०१३ साली अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी अगदी लहान मुलांपुढे खेळणी ठेवली आणि शेजारी पेटीत जिवंत प्राणी, त्यात सापही. पोरं खेळण्यांपेक्षा प्राण्यांकडेच जास्त रमली. मला याचं नवल वाटलं नाही. कात्रजच्या सर्पोद्यानात कुठल्याही रविवारी जा, काचेला नाकं चिकटवून उभी असतात ती पोरं, आणि "चल ना आता" म्हणत त्यांचे हात ओढत असतात ते आईबाप.

माझंही नाक होतं की तसं. गावाकडे मागच्या अंगणात सरपणाचा ढीग असायचा. पाच-सहा वर्षांची असेन. ढिगाच्या कडेला उन्हात घोणस पडली होती. तेव्हा ती घोणस आहे हे मला कुठून माहीत असणार! मला दिसली ती साखळी. तपकिरी अंगावर गडद लंबगोल ठिपके, एकाला एक लागून, प्रत्येकाला काळी किनार आणि तिच्याबाहेर बारीक पांढरी. ठिपक्यांच्या तीन ओळी. इतकी नेटकी रांगोळी आमच्या दारात दिवाळीलाही पडली नव्हती. मी ओरडले, "आजी, बघ किती छान!"

आजी आली, तिने बघितलं, आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की साखळी-बिखळी सगळी विसरले. मग मला काखेत मारून ती घरात शिरली आणि दार लावून घेतलं.

गंमत अशी की हीच आजी श्रावणात भिंतीला जिवतीचा कागद लावायची, आणि त्यातला कालिया मला उचलून दाखवायची. नागपंचमीला पाटावर चंदनाने नाग काढायची ते तर बघत राहावं. फण्यावरचा दहाचा आकडा नीट येईपर्यंत दोनदा पुसायची. त्या दिवशी चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, पुरणाची दिंडं उकडायची. म्हणजे साप सुंदर असतो हे तिला ठाऊक होतं. फक्त तो पाटावर हवा.

पुढे खूप वर्षांनी कळलं की तिच्या धाकट्या भावाला गवत कापताना पान लागलं होतं. 'साप चावला' असं ती कधी म्हणाली नाही. पान लागलं, एवढंच. बैलगाडी तालुक्याला पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली असा अंदाज आहे. तो आकडा वाचला तेव्हा मला पाठीतला धपाटाच आठवला.

पण मनूला मी धपाटा घालू शकले नाही. नुसतं म्हटलं, "लांबून बघायचं हं, कितीही छान असला तरी." तिने विचारलं, "मग निळं कसं दिसणार?" मी म्हटलं, दिसेल. आता लांबून कसं दिसेल ते मला काय माहीत!

एक गोष्ट मात्र तिला सांगितली नाही. ते निळं ती बिचारी भ्यायली होती म्हणून दिसत होतं, आणि भ्यायली होती ती आम्हाला.

संध्याकाळी मनूने चित्र काढलं. पिवळे पट्टे आहेत, पण कडेकडेला. बाकी सगळं अंग निळं, खडू मोडेपर्यंत घासलेलं. तिच्या आईने कौतुकाने ते फ्रिजच्या दाराला लावलं. रात्री पाणी प्यायला उठले, दिवा न लावता. फ्रिजपाशी थबकले, आणि चुंबक काढून कागद उलटा करून लावला.

सकाळी मनूने विचारलं, "साप कुणी उलटा केला?" मी चहा गाळत होते.