तीन गाभ गेले, त्याआधीचं एक डेक्सा

शिरोळ तालुक्यातला अठरा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईंचा गोठा. तीन आठवड्यांत तीन गाई गाभडल्या, तिन्ही सहाव्या-सातव्या महिन्यात. मालक म्हणाले, "डॉक्टर, वाढं बाधलं असंल." इकडं गाईला काहीही झालं की पहिला आळ उसाच्या वाढ्यावर.

आमचा पहिला आळ ब्रुसेलावर, म्हणजे गाभ पाडणाऱ्या जिवाणूवर. तो माणसालाही लागतो, त्यामुळे हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही. पहिला गाभ उकिरड्यावर टाकलेला, कुत्र्यांनी ओढून नेलेला. सगळ्यात कामाचा नमुना असा जातो. तिसऱ्याचं यकृत, फुप्फुस, पोटातला द्रव आणि वारेचा तुकडा बर्फावर पाठवला. रक्त लाल टोपीच्या साध्या नळीत ५ मिली. गोठलं की वरचं सीरम काढून घ्यायचं. अख्खी नळीच फ्रीजरमध्ये टाकली तर तांबड्या पेशी फुटून नमुना वाया जातो. हे सांगून सांगून तोंड दुखलं, तरी कोणीतरी टाकतंच.

ब्रुसेला निगेटिव्ह. आयबीआर, म्हणजे गाईंचा हर्पीस विषाणू, त्याच्या अँटीबॉडी तिघींतही. पण त्या जुन्या संसर्गाच्याही असू शकतात. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतलं, तर आकडे तेवढेच. पण त्यावरून संसर्ग जुनाच, असंही म्हणता येत नाही. संसर्गानंतर गाभ पडायला काही आठवडे जातात, तोवर अँटीबॉडी चढून बसलेल्या असतात. गाभातूनही ठाम काही निघालं नाही. धागा सापडला तो न गाभडलेल्या दोन कालवडींत: पहिल्या नमुन्यात निगेटिव्ह, दुसऱ्यात पॉझिटिव्ह. म्हणजे विषाणू त्याच दिवसांत गोठ्यात फिरत होता.

दोन महिन्यांपूर्वी हद्दीपलीकडून एक गाय आणून थेट दावणीला बांधली होती. आठवड्यात व्याली, केटोसिस झाला (रक्तातली साखर घटून अंगातली चरबी जळायला लागते), मी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, म्हणजे डेक्सा, टोचलं. पुस्तकाप्रमाणे चूक नाही. नंतर चार-पाच गाईंच्या नाकातून पाणी आलं, डोळे लाल झाले. सर्दी म्हणून सोडून दिलं. हा विषाणू एकदा शिरला की मज्जातंतूंच्या गाठीत जन्मभर दडून राहतो. प्रवास, वेत, स्टिरॉइड, कशानेही उठतो. तिच्या वाट्याला तिन्ही एकदम आलं. कशानं उठला ते आता वेगळं काढता येत नाही, पण मला सुईच आठवते.

आता त्या गोठ्यात पॉझिटिव्ह गाईला डेक्सा नाही. केटोसिस झाला तर शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज आणि तोंडाने रोज ३०० मिली प्रॉपिलीन ग्लायकॉल. नवी गाय महिनाभर वेगळ्या छपरात, बादली-दावं वेगळं, तपासणीनंतरच आत. वासरं सात-आठ महिन्यांची झाल्यावर तपासायची. आधी तपासली तर चिकातून आलेल्या अँटीबॉडी फसवतात. सरकारी मोहिमेत लाळ-खुरकूत आणि ब्रुसेला आहेत, आयबीआर नाही. खिशातून पैसे घालून तपासणी कोण करणार?

"मग ती बाहेरून आणलेली गाय विकून टाकू का?" मालकांनी विचारलं. विकली की रोग दुसऱ्याच्या दावणीला. शिवाय गोठ्यात सगळ्यात जास्त दूध तिचंच.

ती पुन्हा गाभण आहे. वेताआधी पंधरा दिवस तिला वेगळी बांधायचं ठरलंय. छप्पर अजून झालेलं नाही.