पाणी आलं का?

रविवार, रात्री

भाचीने मला न विचारता कोलाडच्या राफ्टिंगचे, म्हणजे खळाळत्या नदीतून रबरी होडीने जायचे, पैसे भरून टाकले होते. ‘मावशी, परत मिळत नाहीत’, एवढं एकच वाक्य तिने वापरलं. भीतीपेक्षा फुकट गेलेले पैसे मला जास्त लागतात, हे तिला पक्कं ठाऊक. पोहणं मी शाळेत असताना शिकले, म्हणजे टँकच्या उथळ बाजूला कठडा धरून पाय मारायला शिकले. त्यापुढे प्रकरण गेलंच नाही.

काल रात्री झोप येईना म्हणून वाचत बसले. पाण्याच्या खळाळाला एक ते सहा अशा श्रेणी असतात. एक म्हणजे नुसती हलचल, सहा म्हणजे जिथे जाणत्यांनीही जाऊ नये. कोलाडच्या कुंडलिका नदीचा हा पट्टा दोन-तीनचा. हे वाचून धीर यायला हवा होता. मी मात्र पडून राहून ‘तीन’ या आकड्याचाच विचार करत बसले.

पहाटे निघालो. पौड सोडल्यावर मुळशीचं धरण लागलं तेव्हा जेमतेम उजाडत होतं. पुणेकरांना मुळशी म्हणजे पावसाळ्यातली भजी आणि भाजलेलं कणीस. त्या पाण्याखाली गावं आहेत, 1921 साली त्यांच्यासाठी सत्याग्रह झाला आणि बापटांना ‘सेनापती’ तिथेच म्हणू लागले, हे शाळेत वाचलेलं गाडीतून जाताना कोणाला आठवतं? आज आठवलं, कारण मी ज्या पाण्यात उतरणार होते ते हेच. मुळा नदीचं पाणी खरं तर पुण्याकडे यायचं, पुढे भीमा, मग कृष्णा, शेवटी बंगालचा उपसागर. टाटांनी ते धरणात अडवून बोगद्यातून आणि नळांतून सह्याद्रीच्या उलट्या बाजूला, सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याला सोडलं, मुंबईला वीज मिळावी म्हणून. भिऱ्याचं वीजघर 1927 सालापासून चालू आहे. तिथून सुटलेलं पाणी खाली पुन्हा अडवतात, रवाळज्याला त्याच्यावर आणखी वीज काढतात आणि मग ते कुंडलिकेत येतं. म्हणून तर एरवी कोकणातल्या नद्या उन्हाळ्यात दगड दाखवत पडलेल्या असताना इथे बारा महिने राफ्ट चालतात. पाणी सकाळी सुटतं, दुपारनंतर उतरतं. थोडक्यात, आम्ही वीज काढून उरलेल्या पाण्यावर मजा करायला निघालो होतो.

हे सगळं मी भाचीला ताम्हिणीच्या वळणांवर सविस्तर ऐकवलं. ती म्हणाली, ‘मावशी, तू घाबरलीस ना, की फार माहिती देतेस.’

विळ्यावरून कोलाडच्या रस्त्याला लागलो, जागेवर पोचलो, पोहे खाल्ले, म्हणजे इतरांनी खाल्ले. मग हमीपत्र आलं. दमा आहे का, रक्तदाब आहे का, हृदयविकार आहे का, आणि खाली ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर’. रक्तदाब त्या क्षणी नक्की होता, पण औषध चालू नसल्याने ‘नाही’ लिहिलं.

नदीवर गेलो तर नदीच नाही! काळे खडक, मधून घोटाभर पाण्याची एक धार, पलीकडच्या दगडावर कपडे धुणारी एक बाई. पाणी अजून सुटलं नव्हतं. आमचा गाइड जवळच्याच गावातला, विशीतला पोरगा, फोनवर कोणाला तरी विचारत होता, ‘पाणी आलं का?’ जन्मभर हा प्रश्न मी नळाकडे बघत विचारत आलेय, ते यावं म्हणून. आज पहिल्यांदाच मनात आलं की नाही आलं तर फार बरं. वीजघरात काही बिघाड व्हावा, अगदी किरकोळ. कोणाचं नुकसान नको, फक्त आजचा दिवस.

तोवर गाइडने शिकवणी घेतली. माझ्या आयुष्यात इतकं लक्ष देऊन मी काही ऐकलेलं नाही. वल्ह्याच्या वरच्या टोकाला आडवी मूठ असते, तिला ते ‘टी’ म्हणतात. एक हात कायम त्या टीवर. ‘ताई, टी सोडली की ती शेजाऱ्याच्या दातावर बसते. इथे बुडून कोणी जात नाही, दात जातात.’ बसायचं राफ्टच्या फुगीर कडेवर, आत नाही, आणि पाय खालच्या खाचेत घट्ट अडकवायचे. पाण्यात पडलात तर उताणं व्हायचं, पाय पुढे, बोटं पाण्याच्या वर. काही झालं तरी वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही, पाय दगडाच्या फटीत अडकला तर वरून येणारं पाणी माणसाला वाकवून खाली दाबतं. दोरी फेकली तर छातीशी धरायची, खांद्यावरून घ्यायची आणि दोरी फेकणाऱ्याकडे पाठ करायची, म्हणजे तोंडावर पाणी येत नाही.

मग तो प्रत्येकाचं जॅकेट तपासत आला. माझे बाजूचे पट्टे त्याने इतके आवळले की मी म्हटलं, श्वास घेता येत नाहीये. ‘बोलता येतंय ना, मग श्वास आहे.’ नंतर खांद्यांवरचे दोन्ही पट्टे धरून त्याने मला चक्क वर ओढलं, टाचा जमिनीवरून सुटल्या. जॅकेट कानापर्यंत सरकलं नाही. ‘आता पडा बिनधास्त,’ म्हणाला.

आणि पाणी आलं. मला लोंढा येईल असं वाटलं होतं. तसं काहीच नाही. खालच्या दगडांचे फक्त माथे दिसायला लागले, मग तेही दिसेनात. धुणंवाली बाई कपडे गोळा करून सवयीने वरच्या दगडावर जाऊन बसली. थोड्या वेळाने त्या घोटाभर धारेचा आवाजच बदलला, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

पहिल्या रॅपिडचं, म्हणजे खळाळाचं, नाव ‘गुड मॉर्निंग’. नावं ठेवणाऱ्याला नमस्कार. लांबून पांढरा फेस दिसतो, मग राफ्टचं नाक खाली जातं आणि पुढचं काही दिसतच नाही. मागून गाइड ओरडला, ‘फॉरवर्ड! फॉरवर्ड! थांबू नका!’ घाबरल्यावर माणूस वल्हं थांबवून धरायला काहीतरी शोधतो, आणि नेमकं तेच करायचं नसतं. वल्हं पाण्यात रुतलेलं असलं की त्याचाच आधार मिळतो, शिवाय राफ्ट पाण्यापेक्षा जास्त वेगात असेल तरच गाइडला ती वळवता येते. हे मला नंतर त्याने समजावलं. त्या वेळी मी फक्त पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघून त्याच्या लयीत हात मारत होते. बर्फासारखं पाणी तोंडावर आदळलं, नाकात गेलं, आणि मी ओरडले. काय ओरडले ते इथे लिहीत नाही. भाचीने ते वडापावच्या गाडीवर सगळ्यांना सांगितलंच आहे.

त्यानंतर भीती गेली असं नाही, पण तिला बसायला जागा उरली नाही. ‘बॅकवर्ड’, ‘स्टॉप’, ‘गेट डाऊन’ म्हणजे कडेवरून आत खाली बसा, पुन्हा ‘फॉरवर्ड’. मधल्या एका वळणावर त्याने राफ्ट मोठ्या खडकाच्या मागे नेऊन उभी केली. तिथे पाणी उलटं, वरच्या दिशेने फिरतं, त्यामुळे भर प्रवाहात राफ्ट आरामात थांबते. तिथून त्याने पुढचं पाणी वाचायला शिकवलं. गुळगुळीत पाण्याचं त्रिकोणी टोक खाली, प्रवाहाच्या दिशेला असेल तर ती खोल वाट. टोक वर, आपल्याकडे असेल तर तिथे पाण्याखाली दगड बसलाय. मला हे फार आवडलं. पुढच्या प्रत्येक खळाळात मी टोकं शोधत होते आणि दोनदा त्याच्या आधी ओरडले, ‘उजवीकडे!’ दुसऱ्यांदा तो हसला आणि म्हणाला, ‘ताई, ऑर्डर मी देणार.’

शेवटी नदी पसरट आणि शांत झाली. तो म्हणाला, ज्यांना उतरायचंय त्यांनी उतरा. भाची टुणकन गेली. मी बराच वेळ कडेवर बसून राहिले, मग कडेची दोरी धरून पाण्यात शिरले आणि शेवटी तीही सोडली. जॅकेटने मला अलगद उचलून धरलं. पाय पुढे, बोटं वर, शिकवल्याप्रमाणे. दोन्ही बाजूंना झाडी, वर खंड्याची एक निळी रेघ, कानात पाणी. वर चढताना मात्र सगळी अब्रू गेली. दोघांनी खांद्याचे पट्टे धरून मला आत ओढलं आणि मी राफ्टच्या तळात तोंडावर पडले, त्यांच्यापैकी एकाच्या मांडीवर.

उतरल्यावर गाइडला विचारलं, हे पाणी पुढे कुठे जातं. ‘डोलवहाळला बंधारा आहे, तिथून कालव्याने शेताला. आमच्या घरचा उन्हाळी भात याच पाण्यावर.’ आणि मग जरा थांबून, ‘वीजघर बंद असेल त्या दिवशी राफ्ट पण बंद, आमची मजुरी पण बंद.’ सकाळी मी किरकोळ बिघाडाची इच्छा धरली होती, ते काही त्याला सांगितलं नाही. ठरल्यापेक्षा थोडी जास्त बक्षिशी दिली.

भाची आत्ताच फोनवर होती. मार्चमध्ये हृषीकेश, शिवपुरीपासून खाली. तिथे गंगेला काही ठिकाणी चारच्या आसपासचं पाणी लागतं म्हणे. मी विचार करून सांगते म्हटलंय. तिने पैसे भरायच्या आत सांगायला हवं.