वळू कुणाचा, वाघीण कुठली

शिराळा तालुक्यातली, चांदोलीच्या अभयारण्याच्या कडेची वाडी. गाय मारल्याचा निरोप आला. पंचनाम्याला पशुवैद्यक लागतो, म्हणून वनरक्षकाबरोबर मीही गेलो. खिलार गाय, सात महिन्यांची गाभण. गळ्यावर सुळ्यांच्या खुणा, खायला सुरुवात मागच्या बाजूने. रीत वाघाची, पण बिबट्या नव्हेच, असं छातीठोक सांगवेना.

जवळच पायवाटेवर विष्ठा सापडली. वनरक्षकाने हातमोजे चढवले आणि तिच्यावरचा चकचकीत थर तेवढा पात्याने खरवडून अल्कोहोलच्या बाटलीत घेतला. आतड्याच्या पेशी त्या थरातच असतात. जनावर कोणतं, नर की मादी, कुणाच्या नात्यातलं, सगळं त्यावरून निघतं.

"वाघाची सोयरीक जुळवताय व्हय?" मालक म्हणाला. "हितं वाघ हायतीच की. मग ताडोबासनं वाघीण आणायचं खूळ कशापायी?"

प्रश्न रास्त होता. 2025 च्या नोव्हेंबरात ती आणली, त्याआधी कॅमेऱ्यात सापडायचे ते नरच. "पण एकाच जोडीवर वंश चालला तर?" मी म्हटलं.

"भावाभनीतच लागणार की. वळू बदलाया नको?"

गाय मेलेल्या माणसाला अमेरिकेतलं फ्लोरिडा सांगू नये, हे मला कळतं. पण न बदलल्यावर वाघाचं काय होतं, हे त्यानेच विचारलं. तिथे वीस-तीस प्यूमा, म्हणजे तिकडची मोठी रानमांजरं, उरले होते. शेपटीला पीळ, हृदयात दोष, नरांचं अंड खाली उतरेना. 1995 मध्ये टेक्सासहून 8 माद्या सोडल्यावर पिल्लं धडधाकट निघू लागली. आपल्याकडे ओडिशात, सिमिलीपालला, पट्टे एकमेकांत मिसळलेले काळे वाघ दिसतात. लोकांना त्याचं कोण कौतुक! एका जनुकातला बदल, बाहेरून नवं रक्त येत नव्हतं, म्हणून तिथले साधारण 37 टक्के वाघ असे काळे निघाले. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या संशोधकांनी 2021 मध्ये हे मांडलं.

वाघिणीचे फोटो सगळ्यांनी पाहिले. मला जास्त मोलाची वाटते ती राधानगरीवरून कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पापर्यंत जाणारी रानाची पट्टी. ती शाबूत राहिली तर वाघ आपल्या पायांनी येतील, नाहीतर दर पिढीला ट्रक लागणार.

"म्हंजे आनखी येणार," तो म्हणाला. "आन आमची जनावरं?"

छापील नमुन्यात गाभणपणाला रकाना नव्हता. समासात लिहिलं, किंमत त्या हिशेबाने लावली आणि खाली सही केली.