विली मॉस्कोनी: शेवटच्या चार बॉलचा उस्ताद

पूलमध्ये, म्हणजे टेबलावरचे बॉल काठीने मारून कडेच्या भोकांत (पॉकेटमध्ये) टाकण्याच्या खेळात, विली मॉस्कोनीचं नाव निघालं की पहिला आकडा आठवतो तो ५२६. १९ मार्च १९५४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, स्प्रिंगफील्ड गावी एका प्रदर्शनी सामन्यात त्याने लागोपाठ ५२६ बॉल पॉकेटमध्ये टाकले. मध्ये एकही चूक नाही. ठरलेले गुण पूर्ण झाले, सामना संपला, तरी तो खेळतच राहिला आणि लोक बघतच राहिले. त्या दिवसाचं चित्रीकरण नाही. आहे ते तिथे हजर असलेल्यांनी सह्या केलेलं प्रतिज्ञापत्र.

हा विक्रम पुढे ६५ वर्षं टिकला. २०१९ मध्ये जॉन श्मिटने ६२६ केले, २०२२ मध्ये जेसन शॉने ७१४. दोघांचंही मनापासून कौतुक आहे. फरक एवढाच की ते दोघे विक्रमासाठीच टेबल लावून, दिवसचे दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होते. मॉस्कोनी दौऱ्यातल्या एका गावात, परक्या टेबलावर, समोर आलेला सामना खेळत होता.

त्या टेबलाबद्दल एक आक्षेप नेहमी घेतला जातो: ते ९ फुटी नव्हतं, ८ फुटी होतं, आणि पॉकेटं आजच्या स्पर्धांतल्यापेक्षा मोठी होती. आक्षेप खरा आहे. लहान टेबलावर शॉट जवळचे मिळतात. पण बॉल तेच असतात, सव्वादोन इंच व्यासाचे, आणि तेही तेवढेच, पंधरा. जागा कमी म्हणजे गर्दी जास्त, आणि पांढऱ्या बॉलला (काठीने मारायचा तो हाच) वाट काढायला फट कमी. शिवाय १९४०च्या दशकातल्या मोठ्या स्पर्धा बहुतेक १० फुटी टेबलांवर झाल्या आणि तिथेही जिंकणारा हाच होता. १९४१ ते १९५७ या काळात त्याने १५ वेळा जागतिक विजेतेपद मिळवलं. लहान टेबलावर मोठा झालेला खेळाडू असं त्याच्याबद्दल कुणी म्हणू नये.

तो खेळायचा तो प्रकार आज फार कमी ठिकाणी दिसतो, म्हणून नियम थोडक्यात सांगतो. स्ट्रेट पूल, म्हणजेच १४.१. पंधरा बॉल, कुठलाही बॉल कुठल्याही पॉकेटमध्ये, फक्त आधी बॉल आणि पॉकेट सांगायचं. प्रत्येक बॉलला एक गुण. चौदा बॉल गेले की खेळ थांबतो. पंधरावा बॉल आणि पांढरा बॉल जिथे आहेत तिथेच राहतात आणि बाकीचे चौदा पुन्हा रॅकमध्ये (त्रिकोणी मांडणीत) लावतात, टोकाची जागा रिकामी ठेवून. आता खेळाडूने तो पंधरावा बॉल पॉकेटमध्ये टाकायचा आणि त्याच फटक्यात पांढरा बॉल रॅकवर घालून तो फोडायचा. जमलं तर पुढचे चौदा मोकळे होतात. नाही जमलं तर समोर घट्ट ढीग आणि प्रतिस्पर्ध्याला खुर्चीतून उठण्याचं आमंत्रण. फाउलला एक गुण वजा, लागोपाठ तीन फाउल केले तर आणखी १५ वजा.

आता ५२६ चा हिशोब करून बघा. दर चौदा बॉलना एक ब्रेक शॉट, म्हणजे मॉस्कोनीला त्या एका डावात रॅक सदतीस वेळा फोडावा लागला. सदतीस वेळा पंधरावा बॉल योग्य जागी उरला होता आणि पांढरा बॉल योग्य कोनात थांबला होता. माझ्या मते त्याची खरी थोरवी इथे आहे. अचाट, अशक्य वाटणारे शॉट मारणारे खेळाडू त्याच्या आधीही होते आणि नंतरही आले. पण त्याला तसे शॉट मारायची वेळच क्वचित यायची. जे जुनं चित्रीकरण उपलब्ध आहे ते आवाज बंद करून, फक्त पांढऱ्या बॉलकडे बघत पाहा. तो फारसा हलतच नाही. सहा इंच, एक फूट, थांबला. पुन्हा एक फूट, थांबला. बघणाऱ्याला वाटतं याला सगळे सोपेच बॉल मिळाले.

सोपे बॉल मिळावेत याची तयारी रॅक फुटल्याबरोबर सुरू होते. आधी ठरवायचं की शेवटी कोणता बॉल ठेवायचा. तो ब्रेक बॉल. शक्यतो रॅकच्या त्रिकोणाला न अडणारा, पण त्याच्या कडेला असलेला. त्याला हात लावायचा नाही, धक्काही लागू द्यायचा नाही. जमलं तर दुसऱ्या बाजूला एक पर्यायी बॉलही मनात धरून ठेवायचा. मग त्रासाचे बॉल आधी: कुशनला (टेबलाच्या कडेच्या रबरी पट्टीला) चिकटलेले, टेबलाच्या लांबच्या टोकाला गेलेले, पॉकेटचं तोंड अडवून बसलेले. लांबच्या टोकाचा एक बॉल शेवटपर्यंत राहिला तर पांढऱ्याला आख्खं टेबल ओलांडून जावं लागतं आणि परत यावं लागतं. या येण्या-जाण्यात कोन बिघडतो. बऱ्याच जणांची मोठी खेळी इथेच मोडते. चूक दिसते शेवटच्या बॉलवर, पण झालेली असते आठ-दहा बॉल आधी.

दोन-तीन बॉल एकमेकांना चिकटून राहिले असतील तर तेही मध्यावरच सोडवायचे, तेही जवळच्या बॉलवरून हलकेच घासून जात. सगळा जोर लावून गठ्ठा फोडला की सुटे झालेले बॉल कुशनकडे पळतात आणि नवी कटकट उभी राहते. गठ्ठ्याला धक्का देण्याआधी एक बॉल पक्का हाताशी हवा, म्हणजे पांढरा कुठेही थांबला तरी पुढचा शॉट मिळतो. नेमकी हीच काळजी घाईत राहून जाते.

शेवटचे बॉल जरा जवळून बघू. ९ फुटी टेबल घ्या, खेळाचं मैदान १०० बाय ५० इंच. रॅकचं टोक ज्या खुणेवर येतं ती फूट स्पॉट, रॅकमागच्या आखूड कुशनपासून २५ इंचांवर. ब्रेक बॉल या खुणेच्या उजवीकडे सात इंचांवर, साधारण तिच्याच पातळीत, किंचित खाली, म्हणजे त्या कुशनकडे. तो जाणार खालच्या उजव्या कोपऱ्यात. पांढरा बॉल त्याला लागल्यावर, फिरकी दिली नसेल तर, ब्रेक बॉलच्या वाटेशी काटकोन करून डावीकडे सुटतो आणि रॅकच्या पुढच्या ओळीतल्या उजव्या बॉलवर जवळजवळ भरून आदळतो. यासाठी ३० अंशांच्या आसपासचा कट, म्हणजे पांढऱ्याची येण्याची वाट आणि ब्रेक बॉलची जाण्याची वाट यांतला कोन, हवा. म्हणजे पांढरा बॉल हवा ब्रेक बॉलच्या वर चौदा-पंधरा इंच, आणि फूट स्पॉटच्या रेषेपासून चारएक इंच उजवीकडे.

आता ही जागा किती लहान आहे बघा. पांढरा तिथून अडीच इंच डावीकडे थांबला तर कट २० अंशांवर येतो. रॅककडे जाणारा जोर कमी होतो, तो भरून काढायला फटका जोरात मारावा लागतो आणि जोरात मारलेला बॉल पॉकेटच्या ओठावर हलून बाहेर येतो. अडीच इंच उजवीकडे गेला तर कट ४० अंशांचा. रॅक छान फुटेल, पण ब्रेक बॉलच चुकण्याची शक्यता वाढते. पाच इंचांच्या या पट्ट्यात पांढरा आणून ठेवायचा, प्रत्येक रॅकला.

तो लांबून आणून ठेवता येत नाही, निदान सदतीस वेळा तरी नाही. म्हणून चौदावा बॉल, ज्याला की बॉल म्हणतात, तोही आधीपासून निवडून ठेवावा लागतो. वरच्या मांडणीत उत्तम की बॉल म्हणजे टेबलाच्या मध्यापासून फूट स्पॉटकडे दहाएक इंच आणि मधल्या रेषेच्या उजवीकडे सहा इंच असलेला बॉल. तो उजव्या मधल्या पॉकेटमध्ये सरळ मारायचा, स्टॉप शॉट. पांढरा बॉल की बॉलच्या जागी येऊन जागच्या जागी थांबतो आणि ती जागा म्हणजेच आपल्याला हवा असलेला पट्टा. प्रवास शून्य, म्हणून चूकही जवळजवळ शून्य. उरलं एवढंच की तेरावा बॉल असा मारायचा की ‘की बॉल’वर सरळ रेषा मिळेल, आणि बाराव्यावरून तेराव्यावर यायचं. चार बॉलची ही साखळी मागून पुढे वाचायची असते. मॉस्कोनी भराभर खेळायचा, फटक्यांच्या मध्ये फारसा रेंगाळायचा नाही. ते शक्य होतं कारण साखळी त्याने केव्हाच वाचून ठेवलेली असायची.

ब्रेक शॉट मारताना काठीचं टोक, म्हणजे टिप, पांढऱ्याच्या मध्याच्या थोडी खाली लावली तर रॅकवर आदळल्यानंतर तो मोकळ्या टेबलाकडे मागे येतो. रॅकच्या बॉलवर भरून आदळणार असेल आणि फिरकी काहीच नसेल, तर पांढरा ढिगालाच चिकटून बसतो: चौदा बॉल समोर आणि एकही शॉट नाही. ब्रेक बॉल खूप खाली, रॅकच्या मागच्या ओळीशेजारी असेल तर पांढरा मागच्या कुशनकडे वळतो. तिथे फॉलो (पुढची फिरकी) आणि थोडी बाजूची फिरकी देऊन त्याला कुशनवरून बाहेर काढावं लागतं, नाहीतर तो कोपऱ्याच्या पॉकेटमध्ये जाण्याचा धोका असतो. जोर मध्यमच. ढीग पूर्ण उधळायची गरज नसते. पाच-सहा बॉल सुटे झाले की पुरे, बाकीचे जाता जाता सोडवता येतात.

मॉस्कोनीचा जन्म १९१३ चा, फिलाडेल्फियाचा. वडिलांचा पूल हॉल होता, पण मुलाने या खेळात पडू नये असं त्यांना वाटायचं. त्यांनी बॉल कुलपात ठेवले तेव्हा पोराने बटाटे आणि झाडूचा दांडा घेऊन सराव केल्याची गोष्ट त्याच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. पुढे पूल टेबलं बनवणाऱ्या ब्रुन्सविक कंपनीसाठी तो वर्षानुवर्षं गावोगाव प्रदर्शनी सामने खेळत फिरला. कोट, टाय, चकचकीत बूट. पैसे लावून भोळ्या गिऱ्हाइकाला फसवणाऱ्यांचा खेळ ही पूलची ओळख त्याला सहन होत नसे, आणि त्याचा पोशाख हा त्या ओळखीविरुद्धचा लढाच होता. १९५६ च्या शेवटी त्याला पक्षाघाताचा झटका आला. तो सावरला, परत आला आणि १९५७ मध्ये पुन्हा विजेता झाला. १९७८ मध्ये दूरचित्रवाणीवर ‘मिनेसोटा फॅट्स’ म्हणवणाऱ्या रुडॉल्फ वॉन्डरोनशी त्याची लढत झाली. साठी उलटलेल्या मॉस्कोनीने ती जिंकली. १९९३ च्या सप्टेंबरमध्ये तो गेला आणि १९९४ पासून युरोप विरुद्ध अमेरिका अशी मॉस्कोनी कप स्पर्धा सुरू झाली. ती नाइन-बॉलची आहे. नाव त्याचं राहिलं याचा आनंद आहे, पण त्याचा खेळ तो नव्हे, हे मला दर वर्षी खटकतं.

त्याला आठवायचं तर त्याचा सराव करावा. पूर्ण रॅक लावू नका. वर सांगितलेल्या जागी ब्रेक बॉल आणि की बॉल ठेवा, जागा खडूच्या बारीक ठिपक्याने खुणावून घ्या. आणखी दोन बॉल खालच्या अर्ध्या टेबलात कुठेही टाका आणि पांढरा हातात घेऊन सुरुवात करा. चौथा बॉल मारण्याआधी पांढरा ठरलेल्या पट्ट्यात नसेल तर ब्रेक शॉट मारूच नका, सगळं उचलून पुन्हा मांडा. पांढरा दर वेळी की बॉलच्या जागेपुढे सरकत असेल तर टिप मध्याच्या वर लागते आहे किंवा अंतर जास्त असल्याने मागची फिरकी वाटेतच विरते आहे. अशा वेळी थोडं खाली मारा. तो बाजूला घसरत असेल तर दोष स्टॉप शॉटचा नाही. की बॉलवर रेषा सरळ मिळालेली नाही, म्हणजे दुरुस्ती त्याच्या आधीच्या बॉलवर करायची. हे चार बॉल जमायला लागले की आठ बॉल मांडा, आणि त्यात एक मुद्दाम कुशनला चिकटवून ठेवा.