कर्जप्रकरणातील फाइलचे नाव

छोट्या व्यवसायाच्या कर्जप्रकरणात कागदपत्रे गोळा करणारी व्यक्ती आणि त्यांची छाननी करणारी व्यक्ती बहुधा वेगवेगळ्या असतात, त्यामुळे पहिलीने फाइलला दिलेल्या नावावरच दुसरीला पुष्कळदा विसंबावे लागते. कर्जदाराकडून येणाऱ्या फाइलींची नावे ‘स्कॅन०००१’ किंवा ‘ताळेबंद फायनल नवीन’ अशी असतात आणि त्यात त्याचा काही दोष नाही, कारण त्याच्यापुरता व्यवसायही एकच असतो आणि ताळेबंदही. म्हणून नाव बदलण्याचे काम कागद स्वीकारणाऱ्याने, स्वीकारतानाच, करावे असे माझे मत आहे. नावांच्या नियमांचे पत्रक कर्जदाराला पाठवले तर शिस्त येत नाही, कागद मात्र आणखी उशिरा येतात.

नावातून चार गोष्टी कळाव्यात: कागद कोणाचा, कोणता, कोणत्या काळाचा आणि कोणत्या अवस्थेतला. उदाहरणार्थ, ‘१०४२_व्यवसाय_ताळेबंद_२०२४-१२-३१_लेखापरीक्षित’. सुरुवातीला व्यवसायाचे नाव न घालता प्रकरण क्रमांक घालावा, कारण व्यवसायाचे नाव बदलू शकते आणि प्रत्येक जण ते वेगळ्या पद्धतीने लिहितो. त्यानंतर लगेच भूमिका, म्हणजे कागद व्यवसायाचा, मालकाचा की जामीनदाराचा हे, यावे. एकल मालकीच्या व्यवसायात मालकाची वैयक्तिक कागदपत्रे आणि व्यवसायाची कागदपत्रे सहज एकमेकांत मिसळतात, आणि जामीनदार दोन असतील तर ‘जामीनदार०१’, ‘जामीनदार०२’ असा भेद केल्याशिवाय कोणाचे करविवरणपत्र कोणते हे फाइल उघडल्याखेरीज समजत नाही.

सर्वाधिक घोळ तारखेचा होतो. एकाच ताळेबंदाला वर्ष संपल्याची तारीख असते, लेखापरीक्षकाच्या सहीची तारीख असते आणि तो आपल्याकडे पोहोचल्याचीही तारीख असते. नावात यांपैकी एकच तारीख असावी, आणि ती कोणती हे त्या कागदाला आपण कोणता प्रश्न विचारणार आहोत यावरून ठरवावे. ताळेबंदासाठी वर्षअखेरीची तारीख घ्यावी, तर बँक स्टेटमेंटसाठी कालावधीचा आरंभ आणि शेवट दोन्ही लिहावेत, म्हणजे मधला एखादा महिना राहून गेला असेल तर तो यादीवर नजर टाकताच लक्षात येतो. तारणाच्या मूल्यांकन अहवालाला मूल्यांकनाची तारीख द्यावी. विमा पॉलिसीला मात्र मी मुदत संपण्याची तारीख देईन, कारण तिच्याबाबत संरक्षण अजून चालू आहे की नाही एवढेच वारंवार पाहिले जाते. कागद मिळाल्याची तारीख महत्त्वाची असली तरी तिची जागा आवक नोंदीत आहे. संगणक दाखवतो त्या फाइलच्या तारखेवर तर मुळीच विसंबू नये, कारण डाउनलोड किंवा कॉपी करताना ती बदलू शकते.

तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहावी. १९८८ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ८६०१ या तारीखलेखनाच्या आंतरराष्ट्रीय मानकातील हा क्रम पाळल्यास नावांची वर्णानुक्रमी मांडणी आपोआप कालानुक्रमी होते, आणि ०३-०४ म्हणजे मार्च की एप्रिल हा वादही उरत नाही.

‘फायनल’ हा शब्द नावातून हद्दपार करावा. आर्थिक पत्रके तात्पुरती आहेत की लेखापरीक्षित, करारनामा मसुदा आहे की स्वाक्षरित, हे त्याऐवजी लिहावे आणि मसुद्यांना ०१, ०२ असे क्रमांक द्यावेत. कर्जदाराने सुधारित पत्रके पाठवली तरी जुनी फाइल पुसू नये किंवा तिच्यावर नवी फाइल चढवू नये. मंजुरी देताना कोणते आकडे समोर होते हे पुढे तपासणीत विचारले जाते, आणि तेव्हा जुनी प्रतच कामाला येते.

खाते क्रमांक किंवा करओळख क्रमांक नावात कधीही घालू नये. फाइलचा मजकूर पासवर्डने बंद करता येतो, पण तिचे नाव ईमेलमध्ये, शोधाच्या निकालात आणि संगणकाच्या नोंदींत उघडेच राहते.

येथील उदाहरण वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिले आहे. प्रत्यक्षात तूर्त रोमन अक्षरे आणि इंग्रजी अंक (0 ते 9) वापरणे सोयीचे, हे मराठीप्रेमी असूनही सांगावे लागते. लिनक्स या संगणकप्रणालीच्या बहुतेक फाइलव्यवस्थांमध्ये नावाची मर्यादा २५५ बाइटची असते, आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि अनुस्वार धरून, ३ बाइट घेते. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हे बसतात. शिवाय देवनागरी व इंग्रजी अंकांची सरमिसळ झाली की क्रमवारी मोडते. विंडोजमध्ये तिरकी रेघ, अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह नावात चालत नाहीत, आणि फोल्डरसकट संपूर्ण मार्गाची पारंपरिक मर्यादा २६० अक्षरांची आहे. त्यामुळे फोल्डरच्या नावात एकदा आलेली माहिती उपफोल्डरांच्या नावांत पुन्हा लिहू नये. प्रकरण क्रमांक मात्र फाइलच्या नावातही ठेवावाच, कारण फाइल ईमेलला जोडून बाहेर गेली की फोल्डर मागेच राहतो.